‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणजे नेमके काय करायचे?

१. अर्धा सल्ला

तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर ताटकळणारा विद्यार्थी असो की साहेबांच्या केबिनमधून बोलावणे आलेला कारकून, शेजारचा माणूस हमखास म्हणतो, ‘‘एक दीर्घ श्वास घे, बरे वाटेल.’’ हा सल्ला का द्यायचा ते देणाऱ्याला सहसा ठाऊक नसते आणि कसा पाळायचा ते घेणाऱ्याला. मग माणूस खांदे कानांपर्यंत उचलून छाती फुगवतो, क्षणभर श्वास कोंडून धरतो आणि भसकन सोडून देतो. असे घाईघाईने आठ-दहा वेळा केले की बरे वाटण्याऐवजी गरगरायला लागते, बोटांना मुंग्या येतात आणि ‘हे श्वासाबिसाचे काही खरे नाही’ असे तो ठरवून टाकतो.

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. ताण उतरवायचा तर श्वास किती घेतला यापेक्षा तो किती सावकाश सोडला याला जास्त महत्त्व आहे. याचे कारण कळण्यासाठी आधी एक घट्ट बसलेली समजूत बाजूला करावी लागते: खोल श्वासामुळे शरीराला जादा ऑक्सिजन मिळतो आणि म्हणून शांत वाटते.

करोनाच्या साथीत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले. निरोगी माणसाच्या बोटावर ते ९५ ते १०० च्या दरम्यानचा आकडा दाखवते. तोच माणूस परीक्षेच्या भीतीने थरथरत असला तरी आकडा तिथेच राहतो. ऑक्सिजन वाहून नेणारे रक्तातले हिमोग्लोबिन मुळातच जवळजवळ पूर्ण भरलेले असते. त्यात आणखी भर घालायला फारशी जागा नसते. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडलेल्या हवेत सुमारे १६ टक्के. मिळालेल्यापैकी बराचसा ऑक्सिजन शरीर न वापरताच परत पाठवते. त्याला टंचाई नसते.

ही गोष्ट महाराष्ट्रातच फार पूर्वी सांगितली गेली आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था सुरू केली आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. ‘योग मीमांसा’ हे नियतकालिकही त्याच वर्षीचे. प्राणायामाचे महत्त्व जादा ऑक्सिजन मिळवण्यात नाही, ते चेतासंस्थेवरच्या परिणामात शोधले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. इतकी वर्षे लोटली तरी सकाळच्या बागेतल्या वर्गांमध्ये ‘भरपूर ऑक्सिजन घ्या’ हीच घोषणा चालू आहे.

२. ताण आला की श्वास कसा बदलतो

अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना मांडली. धोका दिसला की अॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, हृदय जोरात धडधडते, घशाला कोरड पडते, हातपाय गार पडतात आणि श्वास वाढतो. समोर वाघ असेल तर ही तयारी योग्यच आहे. पळणारे स्नायू भरपूर कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि वाढलेला श्वास तो बाहेर टाकतो. पण ठाण्याच्या फलाटावर ८.५२ ची गाडी चुकलेला माणूस पळत नसतो, तो उभा असतो. खुर्चीत बसून कर्जाच्या हप्त्याचा मेसेज वाचणाराही जागचा हलत नाही. स्नायू कामाला लागलेले नाहीत आणि श्वास मात्र पळणाऱ्याचा, अशी ही विसंगती असते.

त्यातून रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. हा वायू म्हणजे निव्वळ कचरा, असे शाळेपासून डोक्यात बसलेले असते. प्रत्यक्षात मेंदूच्या रक्तवाहिन्या किती रुंद राहतील हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. तो घटला की त्या आकसतात आणि डोके हलके वाटते. रक्ताची आम्लताही कमी होते, त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवलेला परिणाम याच्या जोडीला येतो: कार्बन डायऑक्साइड कमी झाला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरून ठेवते आणि पेशींना तो सहजी सोडत नाही. (अणूची रचना मांडणारे नील्स बोर हे यांचे चिरंजीव.) म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो आणि तरी माणसाला दम कोंडल्यासारखे वाटते. मग तो आणखी जोरात श्वास घेतो आणि हे चक्र पुढे फिरत राहते.

उथळ श्वासात मेहनतही वाया जाते. तिचा हिशोब सोपा आहे. नाकापासून श्वासनलिकेच्या बारीक फांद्यांपर्यंतच्या मार्गात सुमारे १५० मिलिलिटर हवा अडकून राहते. ती वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तिचा उपयोग शून्य. शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. मिनिटाला १२ श्वास धरले तर ६ लिटर हवा आत आली. प्रत्येक श्वासातले १५० वजा केले की ३५० गुणिले १२, म्हणजे ४.२ लिटर कामाची. आता छातीच्या वरच्या भागातले २५० मिलिलिटरचे श्वास मिनिटाला २४ घेतले असे समजू. एकूण हवा तेवढीच, ६ लिटर; पण कामाची फक्त १०० गुणिले २४, म्हणजे २.४ लिटर. उलट १ लिटरचे ६ संथ श्वास घेतले तर तीच बेरीज ५.१ लिटर होते. अर्थात घाबरलेला माणूस ६ लिटरवर थांबत नाही. तो हा तोटा भरून काढून वर आणखी श्वास घेतो, म्हणूनच शेवटी कार्बन डायऑक्साइड उणा पडतो.

३. आपोआप चालणारे, तरी हातात असलेले

ताणात बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टींवर माणसाची सत्ता नसते. घाम थांबव, पचन सुरू कर, रक्तदाब खाली आण, असे शरीराला सांगून भागत नाही. ही कामे स्वायत्त चेतासंस्थेची आहेत. श्वास तेवढा वेगळा आहे. झोपेत तो आपोआप चालतो. जागेपणी बोलताना, गाताना, बासरी वाजवताना माणूस तो हवा तसा वाकवतो.

आपोआप चालणाऱ्या श्वासाची लय मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेतल्या पेशींच्या एका लहानशा पुंजक्यात तयार होते. त्याला प्रीबॉट्झिंगर संकुल म्हणतात. त्याचे वर्णन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये केव्हिन याकल, मार्क क्रॅस्नो आणि जॅक फेल्डमन यांच्या गटाला उंदरांच्या या पुंजक्यात आणखी एक गोष्ट सापडली. तिथल्या काही पेशी मेंदूला सावध ठेवणाऱ्या केंद्राकडे श्वासाची खबर पोहोचवतात. त्या पेशी निकामी केल्यावर उंदीर श्वास घेत राहिले, पण कमालीचे शांत झाले. हुंगत, हुडकत फिरणे सोडून एका जागी बसू लागले. श्वास आणि मनाची अवस्था यांच्यातला रस्ता दुतर्फा आहे, याला यातून बळकटी मिळते. घाबरल्यामुळे श्वास वाढतो तसा श्वास संथ झाल्याची बातमीही वर पोहोचते. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, एवढे भान ठेवलेले बरे.

४. उच्छ्वास आणि नाडी

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मनगटावर तपासता येते. एका हाताची दोन बोटे दुसऱ्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवून नाडी शोधावी. ती नीट लागली की पाच अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि पाच अंक मोजेपर्यंत सोडावा. दोन-तीन फेऱ्यांनंतर लक्षात येते की श्वास आत जाताना ठोके जवळजवळ पडतात आणि बाहेर येताना लांबतात. तरुणांमध्ये हा फरक ठळक असतो. वय वाढते तसा तो कमी होतो, त्यामुळे साठीच्या माणसाला बोटांनी जाणवला नाही तर काळजीचे कारण नाही. कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्येच हा फरक यंत्राने नोंदवून ठेवला आहे.

हे घडवून आणणारी मुख्य चेता म्हणजे व्हेगस. मेंदूच्या तळापासून निघून ती मानेतून हृदयाकडे, फुप्फुसांकडे आणि पोटाकडे जाते. हृदयाला स्वतःच्या लयीवर सोडून दिले तर ते मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. विश्रांतीच्या वेळी ते साठ-सत्तरवर येते ते व्हेगस त्याला आवरून धरते म्हणून. श्वास घेताना तिची पकड सैल होते, सोडताना पुन्हा बसते. म्हणून उच्छ्वास जितका लांब, तितका हृदयाला आवरण्याचा वेळ जास्त.

व्हेगस हे काम कसे करते, हे शोधून काढणाऱ्या प्रयोगाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथले ऑटो लोवी यांना प्रयोगाची कल्पना स्वप्नात सुचली. त्यांनी अर्धवट झोपेत ती कागदावर उतरवली आणि सकाळी त्यांना स्वतःचेच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले तेव्हा ते उठून तडक प्रयोगशाळेत गेले. त्यांनी बेडकांची दोन हृदये द्रवात ठेवली, पहिल्याच्या व्हेगसला चेतवून त्याचे ठोके मंद केले आणि त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला. दुसरे हृदयही मंदावले, त्याच्या चेतेला कोणी हात लावला नसताना. चेता रसायनाच्या मार्फत निरोप देते हे त्यातून सिद्ध झाले. हे रसायन म्हणजे अॅसिटिलकोलिन. प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३६ मध्ये लोवी यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

५. मिनिटाला सहा का?

संथ श्वसनाच्या बहुतेक आधुनिक पद्धती मिनिटाला सहा श्वासांच्या जवळपास येऊन थांबतात. हा आकडा रक्तदाबाच्या यंत्रणेतून आला आहे. मानेतल्या मोठ्या धमन्यांत आणि महाधमनीत दाब ओळखणाऱ्या संवेदक चेता असतात. दाब वाढला की त्या मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाचा वेग कमी करतो आणि रक्तवाहिन्या सैल सोडतो. दाब घटला की याच्या उलट. या देवाणघेवाणीला वेळ लागतो आणि तिची एक पूर्ण फेरी साधारण दहा सेकंदांची असते.

झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला तो मागे येऊन थबकतो त्याच क्षणी हात लावला तर थोड्याशा जोरानेही झोका उंच जातो. अवेळी धक्का दिला तर सगळा जोर फुकट. दहा सेकंदांचा श्वास हा असा वेळेवर दिलेला धक्का आहे. तो या यंत्रणेच्या मूळ लयीशी जुळतो, त्यामुळे नाडीचा चढउतार सर्वाधिक होतो आणि रक्तदाब आवरणारी व्यवस्था जास्त तत्पर होते. प्रत्येकाची नेमकी लय थोडी मागेपुढे असते. साडेपाच की सहा की साडेसहा, यावर घड्याळ लावून बसण्याचे कारण नाही.

लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक लहानसा पण बोलका अभ्यास छापला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा ‘ओम मणि पद्मे हूं’ हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या घरात आला. कोणीही त्यांना श्वास मोजायला सांगितले नव्हते. मराठी घरांमध्ये संध्याकाळी दिवेलागणीला म्हटली जाणारी रामरक्षा बरीचशी अनुष्टुभ छंदात आहे. एका श्लोकात ३२ अक्षरे. संथ लयीत, एका दमात म्हटला तर आठ-दहा सेकंद सहज जातात. म्हणणाऱ्याचा श्वास त्या वेळी सावकाश बाहेर पडत असतो. तीच रामरक्षा घड्याळाकडे बघत भराभर उरकली तर गणित बदलते.

६. कोणती पद्धत घ्यावी

पद्धतींना नावे अनेक आहेत, पण आतला गाभा एकच असल्यामुळे त्यांची यादी पाठ करण्यात फारसे हशील नाही. नवख्याने लांब उच्छ्वासापासून सुरुवात करावी. पाठ ताठ, खांदे सैल, एक तळहात बेंबीच्या वर. नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यायचा. पोटावरचा हात पुढे सरकला म्हणजे फुप्फुसांखालचे श्वासपटल खाली उतरले. मग सहा अंक मोजेपर्यंत नाकाने किंवा ओठांचा चंबू करून सोडायचा. झाला दहा सेकंदांचा एक श्वास. श्वास ओढून-ताणून खोल घ्यायचा नाही, कारण वेग कमी करून आकार अवाच्या सवा वाढवला तर पुन्हा गरगरते. सोडलेल्या हवेची झुळूक नाकाखाली धरलेल्या बोटाला जेमतेम जाणवावी इतका तो हलका असावा. सहा अंक जमले नाहीत तर तीन-पाच करावे.

प्रसंग अचानक आला तर दुहेरी उसासा बरा. नाकाने श्वास घ्यायचा, तो पुरा होत आला की वर आणखी एक छोटासा ओढायचा आणि मग तोंडाने सावकाश सगळा सोडायचा. ही कृती शरीराला नवी नाही. माणूस नकळत दर काही मिनिटांनी एक मोठा उसासा टाकतच असतो आणि त्यामुळे मिटलेले वायुकोश पुन्हा उघडतात. हरवलेले मूल गर्दीत सापडले, जीव भांड्यात पडला, की आईच्या तोंडून निघणारा सुस्कारा तो हाच. असे दोन-तीन उसासे पुरतात.

अमेरिकी नौदलाच्या कमांडोंमुळे गाजलेला चौकोनी श्वास चार-चार अंकांचा आहे: घेणे, धरणे, सोडणे, थांबणे. एक फेरी १६ सेकंदांची, म्हणजे मिनिटाला चारही श्वास होत नाहीत. डॉ. अँड्र्यू वाइल यांनी लोकप्रिय केलेली ४-७-८ ही त्याहून संथ, १९ सेकंदांची. दोन्हींत श्वास रोखावा लागतो. सराव असलेल्याला ते जमते. आधीच जीव घाबरा झालेल्याला श्वास कोंडल्याने आणखी घाबरे होण्याचा संभव असतो. म्हणून या पद्धती शांत वेळी शिकाव्यात, वापरायच्या की नाही ते नंतर ठरवावे.

अनुलोम-विलोमात एक नाकपुडी बंद केल्यामुळे हवेचा मार्ग अरुंद होतो आणि श्वास सक्तीने संथ होतो. त्याच्या परिणामाचा मोठा भाग यातच असावा. नाकपुड्या दर काही तासांनी आळीपाळीने जास्त मोकळ्या होतात हे रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये नोंदवले होते, त्यामुळे एक बाजू जड वाटली तर जबरदस्ती करू नये. भ्रामरीत गुंजारव करताना उच्छ्वास आपसूक लांबतो. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र वेगळ्या जातीच्या. त्या वेगवान आहेत, तरतरी आणतात. चिडलेल्या किंवा घाबरलेल्या क्षणी त्यांच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्षात हे कसे बसते ते पाहू. बँकेत महिनाअखेरची रांग आहे, सर्व्हर बंद पडला आहे आणि खिडकीपलीकडून एक खातेदार आवाज चढवतो. काउंटरवरची कर्मचारी उत्तर देण्याआधी एक दुहेरी उसासा घेते. कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘काका, दोन मिनिटं थांबा, बघते’ एवढे बोलून ती स्क्रीनकडे बघता बघता चार-सहाचे सहा श्वास पुरे करते. एक मिनिट झाले. सर्व्हर अजून बंदच आहे, खातेदारही तिथेच आहे. तिचा आवाज मात्र चढलेला नाही आणि पुढचा फॉर्म भरताना हात थरथरत नाही. श्वासाकडून मिळण्यासारखे आहे ते एवढेच, आणि ते कमी नाही.

७. उपयोग किती होतो

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शंभरावर माणसांनी महिनाभर रोज पाच मिनिटे सराव केला. काहींनी उसाशाचा, काहींनी चौकोनी श्वासाचा, काहींनी वेगवान श्वासाचा, तर काहींनी ध्यानाचा. चिंता सगळ्यांचीच कमी झाली. मन प्रसन्न राहण्याच्या बाबतीत उसासेवाले पुढे होते.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या एका मोठ्या प्रयोगाने उत्साहाला थोडा आवर घातला. ४०० जणांपैकी निम्म्यांनी मिनिटाला साडेपाच श्वासांचा सराव केला आणि निम्म्यांनी १२ चा, म्हणजे जवळपास नेहमीच्या वेगाचा. चार आठवड्यांनी दोन्ही गटांना बरे वाटत होते आणि त्यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. रोज दहा मिनिटे फोन बाजूला ठेवून, एका जागी बसून श्वासाकडे लक्ष देणे हाच उपचाराचा मोठा वाटा असू शकतो. सहा या आकड्याचा नाडीवरचा परिणाम खरा आहे, पण महिन्याभराच्या मनःस्थितीवर त्याचा स्वतंत्र परिणाम किती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून महागडी अॅप आणि पट्टे विकत घेण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा वापरून पाहावा.

सराव रोज पाच-दहा मिनिटे, शक्यतो ठरावीक वेळी. ऐन संकटात पहिल्यांदाच श्वास मोजायला बसले तर अंक चुकतात.

८. कधी सावध राहावे

दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार, हृदयविकार, अपस्मार, गरोदरपण यांत संथ, हलका श्वास सहसा चालतो. श्वास रोखून धरणारे आणि वेगवान प्रकार मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. मुंग्या किंवा चक्कर आली तर सराव थांबवून नेहमीसारखा श्वास घ्यावा. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय आता सुचवला जात नाही. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर तो घातक ठरतो. गाडी चालवताना कोणताच सराव नको.

पाण्यात तर मुळीच नको. विहिरीत सूर मारण्याआधी भराभर श्वास घेऊन ‘दम भरून घेण्याची’ पैज गावोगावची मुले लावतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. श्वास घेण्याची ऊर्मी प्रामुख्याने त्याच्यामुळे येत असल्याने ती उशिरा येते आणि तोवर ऑक्सिजन संपून मुलगा पाण्याखालीच बेशुद्ध होऊ शकतो.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे असतील तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून श्वास मोजत बसू नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. आणि ताण प्रसंगापुरता न राहता आठवडेच्या आठवडे झोप, भूक, कामातले लक्ष खाऊ लागला तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठावा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.